फायनलीत टाकलं की झालं?

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. सकाळचे साडेनऊ वाजलेले, मी दुसऱ्या चहावर, आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. बिल्डिंगखाली गॅसची गाडी आली आणि माझा ऑफिसचा फोन वाजला. आयटीतल्या लोकांना सांगायला नको, शनिवारी सकाळी ऑफिसचा फोन "काय रे, बरा आहेस ना?" विचारायला येत नाही.

तर झालं असं होतं. आमच्या एका क्लायंटच्या पॅथॉलॉजी लॅब आहेत. तपासणी झाली की रिपोर्टची पीडीएफ तयार करायची, हे काम आमचं सॉफ्टवेअर करतं. त्या सकाळी एका पेशंटच्या रिपोर्टवर त्याच्या स्वतःच्या आकड्यांखाली दोन ओळी जास्तीच्या आल्या. त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी होत्या. रिपोर्ट बाहेर जायच्या आधी लॅबमधल्या एका बाईंच्या नजरेखालून जातो, म्हणून वाचलो. पेशंटने जी टेस्ट सांगितलीच नव्हती तिचा आकडा त्यांना दिसला. त्यांनी रिपोर्ट थांबवला, फोन केला, आणि तो फोन फिरत फिरत माझ्यापर्यंत आला.

कुणाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दोन ओळी पेशंटने खरोखर सांगितलेल्या टेस्टच्या असत्या तर? कुणाच्या लक्षात आलं असतं का? त्या रात्री मला झोप लागली नाही ती या प्रश्नामुळे. आणि आणखी एका कारणामुळे. ते शेवटाकडे सांगतो, कारण ते सांगायला जरा जड जातंय.

आधी पूल म्हणजे काय ते. (पूल म्हणजे म्हात्रे पूल नव्हे. :) ) सॉफ्टवेअरमध्ये काही वस्तू तयार करायला महाग असतात. डेटाबेसचं कनेक्शन घ्या. ते उघडायचं म्हणजे आधी नेटवर्कवर हस्तांदोलन, मग एन्क्रिप्शनची बोलणी, मग युजर-पासवर्ड, आणि पोस्टग्रेससारखा डेटाबेस असेल तर समोरच्या बाजूला त्या एका कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस जन्माला येते. एवढं सगळं करून आपण विचारणार काय, तर "या नंबरच्या ग्राहकाचं नाव सांग". म्हणजे नमनाला घडाभर तेल. म्हणून दहा-वीस कनेक्शनं आधीच उघडून ठेवायची, ज्याला लागेल त्याने उसनं न्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. हा पूल.

आमच्याकडे रिपोर्ट तयार करणारा ऑब्जेक्ट असाच महाग होता. मराठी-इंग्रजी फॉन्ट लोड करा, लॅबचा साचा लोड करा, मोठं मेमरीचं पान तयार ठेवा. दर रिपोर्टला हे नव्याने करायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही पूल केला. उसना घ्या, पेशंटच्या ओळी भरा, पीडीएफ काढा, ऑब्जेक्ट पुसून कोरा करा, परत ठेवा. छान चाललं होतं.

पूलची सगळी गंमत एका गृहीतकावर उभी असते : परत आलेली वस्तू ही नेली तशीच आहे. सगळं सुरळीत चालू असताना हे गृहीतक खरं असतं. प्रश्न येतो तो मध्येच एक्सेप्शन आला की. एक्सेप्शन म्हणजे "मला पुढे जाता येत नाहीये" असं प्रोग्रामने हात वर करून सांगणं. तो आला की प्रोग्राम जिथे असेल तिथून उडी मारून बाहेर पडतो. ज्या ओळी चालायच्या राहिल्या त्या राहिल्या. आता त्या राहिलेल्या ओळींत "पुसून कोरा करा" ही ओळ असली तर?

आमचं नेमकं हेच झालं. एका शाखेने नवीन लोगो अपलोड केला होता, ती फाइल खराब होती. ओळी भरून झाल्या, मग लोगो लावायला गेलो तर एक्सेप्शन. पुसायची ओळ त्याच्या खाली होती, ती चाललीच नाही. पण "परत ठेवा" ही ओळ मात्र चालली, कारण ती फायनलीमध्ये होती. फायनली म्हणजे काहीही झालं तरी चालणारा भाग. वादळ येवो, वीज जावो, फायनली चालणार. म्हणून अर्ध्या भरलेल्या ओळींसकट ऑब्जेक्ट इमानदारीत पूलमध्ये परत गेला, आणि पुढच्या पेशंटच्या वाट्याला आला.

मी हे सगळं लॅपटॉप मांडीवर घेऊन बघत होतो तेवढ्यात बेल वाजली. गॅसवाला. आई म्हणाली, "अरे, ते नंतर बघ, आधी सिलिंडर तपासून घे. मागच्या वेळी वास येत होता." उठलो. गॅसवाल्याने सील काढलं, व्हॉल्व्हमध्ये थोडं पाणी टाकलं. बुडबुडे. त्याने वाकून पाहिलं, टोपण परत लावलं आणि म्हणाला, "काकू, हा नको. वॉशर गेलाय. दुसरा आणतो." मी सहज म्हणालो, "वॉशर बदलून हाच द्या ना, परत तीन मजले कशाला?" तर म्हणाला, "दादा, वॉशर गेलाय असं मला वाटतंय. आत व्हॉल्व्हच गेला असेल तर? कशाला रिस्क?" खाली जाऊन त्याने त्या सिलिंडरवर खडूने मोठी फुली मारली आणि तो भरलेल्या सिलिंडरांत न ठेवता गाडीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला.

मी गॅलरीतून बघत होतो. इंजिनिअरिंगची डिग्री, त्यावर पाच-सहा वर्षांचा अनुभव, आणि जे माझ्या कोडला कळलं नव्हतं ते खाली बिबवेवाडीच्या रस्त्यावर उघड्यावर चाललं होतं!

घरगुती गॅसचे सिलिंडर म्हणजे आपल्या ओळखीतला सगळ्यात मोठा पूल. तुमचा सिलिंडर तुमचा नसतोच. रिकामा देता, भरलेला घेता, तो आधी कुणाकडे होता याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. आणि तरीही आपण तो बिनधास्त स्वयंपाकघरात ठेवतो. का? कारण या पूलला बाद करता येतं. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा रंगवलेला असतो, बघितलाय का कधी? ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडा म्हणजे वर्ष. त्या तिमाहीपर्यंत त्याची तपासणी व्हायलाच हवी. म्हणजे वस्तू वरून ठीक दिसत असली तरी ठराविक काळाने तिला बाहेर काढायचं. आणि देताना पाणी टाकून बघायचं. आणि शंका आली तर फुली. तीन वेगवेगळ्या चाळण्या, आणि तिन्ही "परत ठेवणे" या क्रियेपेक्षा वेगळ्या.

उलट उदाहरणही आपल्या पुण्यातच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये स्मार्ट सिटीच्या योजनेत विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवर कुलूप उघडा, चालवा, सोडून द्या. कल्पना झकास होती. पण काही जणांनी सायकली स्वतःच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेऊन लावल्या, आणि काहींनी मोडून तशाच रस्त्यावर सोडल्या. पूलवाल्याच्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार गळतीचा : वस्तू परतच आली नाही. दुसरा प्रकार घाण परत येण्याचा : वस्तू आली, पण पुढच्याच्या उपयोगाची नाही. आणि दोन्हींतला फरक असा की गळती मोजता येते, मोडकी सायकल मात्र पुढच्याने कुलूप उघडून पैसे भरल्यावरच कळते.

हा फरक मला त्या शनिवारपर्यंत नीट कळला नव्हता, आणि मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांना कळलेला नसतो. कारण आपल्याला शिकवलं जातं ते फक्त गळतीबद्दल.

गळतीची गोष्ट प्रसिद्ध आहे. मायकल नायगार्ड यांचं 'रिलीज इट!' नावाचं पुस्तक २००७ साली आलं. त्यात एका विमान कंपनीची कथा आहे, कंपनीचं नाव त्यांनी दिलेलं नाही. डेटाबेसची नेहमीची देखभाल, एका मशिनवरून दुसऱ्यावर उडी. ती व्यवस्थित पार पडली. आणि थोड्या वेळाने विमानतळावरची चेक-इनची यंत्रं ठप्प! शोधल्यावर सापडलं काय, तर जावातल्या एका फंक्शनचा फायनली. त्यात दोन ओळी होत्या : आधी स्टेटमेंट बंद कर, मग कनेक्शन बंद कर. डेटाबेस हलल्यामुळे जुनी कनेक्शनं मेलेली, त्यामुळे स्टेटमेंट बंद करतानाच एक्सेप्शन आला, आणि दुसरी ओळ चाललीच नाही. कनेक्शन पूलमध्ये परत गेलं नाही. असं एक, दोन, तीन करत पूल रिकामा झाला, आणि मग प्रत्येक जण कनेक्शनची वाट बघत उभा. म्हणजे साफसफाई करणारा कोडच मध्ये पडू शकतो, हा त्यातला धडा. जावाच्या ७ व्या आवृत्तीत, २०११ साली, ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं ते याच दुखण्यावर : जेवढं उघडलं तेवढं सगळं उलट्या क्रमाने बंद होणार, एक बंद होताना रडलं तरी दुसरं बंद होणारच, आणि मूळ एक्सेप्शन हरवणार नाही.

घाण परत येण्याची गोष्ट त्याहून ताजी आहे. २० मार्च २०२३. चॅटजीपीटीवर काही लोकांना दुसऱ्याच लोकांच्या संभाषणांची शीर्षकं दिसायला लागली. ओपनएआयने सेवा बंद केली आणि नंतर कारण जाहीर केलं. त्यांचा सर्व्हर रेडिस या साठवणीशी बोलायला पायथनची एक लायब्ररी वापरत होता, आणि त्या लायब्ररीत कनेक्शनांचा पूल होता. प्रत्येक कनेक्शनवर प्रश्न एका बाजूने जायचा, उत्तर दुसऱ्या बाजूने यायचं. आता समजा प्रश्न गेला, आणि उत्तर यायच्या आत विचारणाऱ्याने काम रद्द केलं. उत्तर तर येणारच, ते कनेक्शनमध्ये पडून राहिलं. कनेक्शन पूलमध्ये परत. पुढचा माणूस येतो, स्वतःचा प्रश्न विचारतो, आणि त्याच्या हातात पडतं आधीच्याचं उत्तर. बहुतेक वेळा उत्तराचा प्रकार जुळत नसे, त्यामुळे एरर येऊन विषय संपायचा. पण कधीकधी प्रकार जुळायचा, आणि मग ते उत्तर खरंच वाटायचं. त्यांच्याच सांगण्यानुसार, त्या वेळच्या नऊ तासांत वापरात असलेल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांपैकी १.२ टक्क्यांची नाव, ईमेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे अशी माहिती दुसऱ्याला दिसू शकली असती. कार्डाचे पूर्ण नंबर उघडे पडले नाहीत.

"प्रकार जुळायचा, म्हणून खरं वाटायचं." हे वाचून मला आमच्या लॅबमधल्या बाई आठवल्या. जास्तीची टेस्ट जुळली नाही म्हणून पकडली गेली. जुळली असती तर? मोठ्या कंपनीतली मोठी चूक आणि आमची छोटी चूक, आत एकच.

तर माझं मत सरळ आहे. ज्या वस्तूने एक्सेप्शन पाहिला, ती वस्तू पूलमध्ये परत ठेवायची नाही. बाद करायची. ती चांगली आहे असं सिद्ध करता आलं तरच परत. शंकेचा फायदा आरोपीला, हे कोर्टात ठीक आहे, पूलमध्ये नाही. इथे शंकेचा फायदा पुढच्या माणसाला मिळाला पाहिजे, कारण त्याने काहीच केलेलं नाही, आणि काय झालंय हेही त्याला माहीत नाही.

कोडमध्ये हे अवघड नाही. साधारण असं :

वस्तू = पूल.उसनी_घे()
सुखरूप = नाही
प्रयत्न :
    काम_कर(वस्तू)
    वस्तू.कोरी_कर()
    सुखरूप = हो
शेवटी :
    सुखरूप असेल तर पूल.परत_घे(वस्तू)
    नसेल तर पूल.बाद_कर(वस्तू)

यात चार बारकावे आहेत, आणि चारही मी कधी ना कधी चुकवलेत.

एक, उसनी घेण्याची ओळ प्रयत्नाच्या बाहेर आहे. घेतानाच फसलं तर परत करायला हातात काहीच नसतं. ती आत ठेवली की फायनली रिकाम्या हाताने परत करायला जातो आणि दुसराच एक्सेप्शन उभा करतो, मग खरं कारण शोधत बसा.

दोन, "सुखरूप = हो" ही सगळ्यात शेवटची ओळ आहे, कोरी केल्याच्याही नंतर. पुसताना फसलं तरी वस्तू बादच.

तीन, इथे मी कुठला एक्सेप्शन आला हे विचारतच नाहीये. कॅचमध्ये प्रकार लिहायला गेलं की काहीतरी सुटतंच. पायथनमध्ये ३.८ या आवृत्तीपासून काम रद्द झाल्याचा एक्सेप्शन हा नेहमीच्या 'एक्सेप्शन' कुळातला राहिलेला नाही, तो वरच्या कुळात गेलाय. म्हणजे "एक्सेप्शन आला तर बाद कर" असं लिहिलंत तर रद्द झालेलं काम त्या जाळ्यातून अलगद निसटतं. खूण उलटी ठेवली, म्हणजे "सगळं नीट झालं तरच परत", की काहीही नवीन आलं तरी आपण सुरक्षित बाजूला राहतो.

चार, परत किंवा बाद, दोन्हींपैकी एकच, आणि एकदाच. दोनदा परत केलेली वस्तू दोघांना एकाच वेळी मिळते आणि दोघं एकाच पानावर लिहायला लागतात. अपाची कॉमन्स पूलच्या माहितीपुस्तकात नमुन्याचा कोड दिलाय, त्यात वस्तू बाद केल्यावर लगेच व्हेरिएबल रिकामं करून टाकलंय, म्हणजे खालच्या फायनलीने ती चुकून परत करू नये. आपण लायब्ररी वापरतो, पण तो नमुना किती जण वाचतात? मी नव्हता वाचला.

आणि हा पाचवा, पूल स्वतः लिहिणाऱ्यांसाठी : बाद केल्यावर मोजणी कमी करायला विसरू नका. नवी वस्तू तयार करताना फसलं, तरीही. नाहीतर पूलला वाटतं वीस वस्तू आहेत, प्रत्यक्षात अकरा. नऊ भुतं. :)

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, प्रत्येक एक्सेप्शनला वस्तू फेकायला लागलो तर पूलचा फायदा काय राहिला? आमच्या टीममध्येही हेच म्हणाले, आणि म्हणणं चुकीचं नाही. डेटाबेस एक मिनिट आडवा झाला आणि सगळ्यांनी एकदम कनेक्शनं फेकून नवीन मागितली, तर नुकता उठलेला डेटाबेस त्या गर्दीनेच परत झोपेल. म्हणून नवीन वस्तू तयार करताना थोडं थांबत थांबत करायला हवं. हे मान्य.

दुसरं, सगळे एक्सेप्शन सारखे नसतात हेही मान्य. "हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे" असं डेटाबेसने सांगितलं, आपण व्यवहार मागे घेतला आणि तो मागे घेणं यशस्वी झालं, तर कनेक्शनला काही झालेलं नाही. हिकारीसीपी नावाचा जावाचा पूल हेच करतो : एररचा कोड ०८ ने सुरू होत असेल, म्हणजे कनेक्शनशीच संबंधित असेल, तर ते कनेक्शन बाद. बाकी वेळी परत घेताना अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेतो आणि त्याला माहीत असलेल्या गोष्टी पूर्ववत करतो. पण "त्याला माहीत असलेल्या" हे शब्द महत्त्वाचे. तुम्ही त्या कनेक्शनवर स्वतः काही सेशनची सेटिंग्ज बदलली असतील तर ती त्याला कुठून कळणार? पोस्टग्रेससमोर बसणाऱ्या पीजीबाउन्सरकडे यासाठी "सगळं विसर" अशी एक आज्ञा आहे, ती सेशन पद्धतीत कनेक्शन दुसऱ्याला द्यायच्या आधी चालते. ही लिहिणारी माणसं शहाणी होती, त्यांनी आपल्यासारख्यांना ओळखलं होतं.

म्हणजे माझा नियम थोडा सैल करून असा : ओळखीचा एक्सेप्शन, आणि साफसफाई झाल्याची खात्री, तर परत. अनोळखी एक्सेप्शन, किंवा साफसफाईच फसली, तर बाद. आणि शक्य तेवढ्या तपासण्या वस्तू उसनी घ्यायच्या आधी उरका. आमची लोगोची फाइल खराब आहे हे ऑब्जेक्ट हातात घ्यायच्या आधी कळू शकलं असतं. बंद घराच्या बाहेर उभं राहून मग आठवायचं की किल्ली आणलीच नाही, त्यापेक्षा निघतानाच खिसा चाचपावा.

आणि खर्चाचं म्हणाल तर आम्ही मोजलं. आमच्याकडे दिवसभरात एक्सेप्शन येऊन बाद होणारे ऑब्जेक्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. तेवढ्यासाठी आम्ही दुसऱ्याची रक्ततपासणी तिसऱ्याला दाखवत होतो!

आता ते शेवटाकडे सांगतो म्हणालो होतो ते.

हा कोड आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने लिहिला होता. कॉलेजमधून बाहेर पडून वर्ष झालेलं, हुशार, थोडा भिडस्त. त्याच्या पहिल्या आवृत्तीत फायनली नव्हताच. एक्सेप्शन आला की ऑब्जेक्ट परत यायचाच नाही, म्हणजे गळती. टेस्टिंगमध्ये पूल रिकामा व्हायचा आणि सगळं अडकून बसायचं. तो माझ्याकडे आला. मी त्याच्या कोडखाली लिहिलं, "परत करायची ओळ फायनलीत टाक, काम झालं." आणि पुढच्या कामाला लागलो. त्याने ती ओळ हलवली. पुसायची ओळ मी बघितलीच नाही, म्हणून त्यानेही हलवली नाही. मी पास केलं.

नीट बघा काय झालं ते. त्याच्या चुकीने सिस्टिम अडकायची, बोंब व्हायची, कुणीतरी येऊन बघायचं. माझ्या दुरुस्तीने सिस्टिम सुरळीत चालायला लागली आणि चुकीचे रिपोर्ट द्यायला लागली. त्याची चूक ओरडून सांगत होती, मी तिचं तोंड बंद केलं. बंद पडलेल्या लॅबवर पेशंट चिडतो. चुकीच्या रिपोर्टवर तो विश्वास ठेवतो.

शनिवारच्या कॉलवर मॅनेजरने विचारलं, "हे कमिट कोणाचं आहे?" स्क्रीनवर ओळीशेजारी त्या मुलाचं नाव होतं. तो म्हणाला, "माझं आहे सर." आणि मी... मी म्यूटवर होतो. म्यूट काढायला एक बटण पुरतं. मी नाही काढलं. मनात म्हटलं, नंतर सांगू, आधी दुरुस्ती महत्त्वाची. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. सांगणं राहिलं.

रविवार त्यातच गेला. सोमवारी सकाळी टीमला मेल लिहिली : रिव्ह्यू माझा होता, फायनलीची सूचना माझी होती, पुसायची ओळ मी बघितली नाही. सोबत माझी ती जुनी एका ओळीची सूचना जशीच्या तशी जोडली. मॅनेजरने फार काही म्हटलं नाही. तो मुलगा दुपारी चहाला भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मला वाटलं होतं तुम्ही शनिवारीच बोलाल." रागाने नाही म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

आपल्या धंद्यात माणसांनाही रिसोर्स म्हणतात आणि त्यांचाही पूल असतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा मला विनोदी वाटलं नाही. एक प्रोजेक्ट फसला, चार रात्री जागून झाल्या, सगळ्यांसमोर नाव वाचून झालं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुढच्या कामावर, जणू काही झालंच नाही. निदान त्याच्या मनात काय अर्धवट राहिलंय ते विचारावं की नाही? माणूस बाद करायचा नसतो, हे उघडच आहे. पण त्याला कोरा समजून पुढे सरकवायचाही नसतो. त्या मुलाला मी दोन दिवस दुसरं काम दिलं नाही. आम्ही दोघांनी बसून सगळा पूल पुन्हा लिहिला. कोड त्याने लिहिला, रिव्ह्यू मी केला. या वेळी प्रत्येक ओळीचा.

त्यात एक टेस्ट टाकलीय, ती त्याची कल्पना. मुद्दाम प्रत्येक पायरीवर एक्सेप्शन फेकायचा : ओळी भरताना, लोगो लावताना, पीडीएफ काढताना, पुसताना. प्रत्येक वेळी लगेच दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट काढायचा आणि त्यात पहिल्याचं एक अक्षरही नाही ना ते बघायचं. आणि शेवटी पूलमधली मोजणी जुळते का ते. टेस्ट लिहायला अर्धा दिवस लागला. जुना कोड त्या टेस्टला लावून बघितला तर तीन ठिकाणी पडला. लोगोचं एकच ठिकाण आम्हाला माहीत होतं.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये पूल असेलच. डेटाबेसचा तर नक्कीच. उद्या-परवा जमलं तर एकदा शोधा, "परत कर" ही ओळ कुठे कुठे फायनलीत आहे, आणि तिच्यापर्यंत एक्सेप्शन खाऊन पोचलेली वस्तू येऊ शकते का. आणि कुणाच्या कोडखाली "काम झालं" असं लिहायच्या आधी पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघा.

असो. सिलिंडर नवीन आला तो ठीक निघाला. आईने माझ्यादेखत दोनदा तपासला.